लेखन : मनाच्या वेगांना दिलेली वाट

परतूर परिसरात वैद्यकी करताना एक गोष्ट आम्हास वारंवार जाणवते. आम्लपित्त, अनिद्रा, शिरःशूल अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांच्या व्याधीमागे मनात साठलेला शोक किंवा चिंता असते. पावसाअभावी गेलेले पीक, डोक्यावरचे कर्ज, घरातील अकाली मृत्यू हे विषय नाडीपरीक्षेच्या वेळी सहसा निघत नाहीत. खोदून विचारले तरी "काही नाही डॉक्टर, डोकं चालूच राहतं" एवढेच उत्तर मिळते. अशा रुग्णाच्या हाती औषधाच्या पुडीबरोबर वही आणि लेखणीही देता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राचा आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. मानसदोषांच्या शमनासाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय तर पहिल्याच अध्यायात आले आहेत.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे तो ७वा अध्याय. त्यातील १३ अधारणीय वेगांत बाष्प, म्हणजे अश्रू, यांचा समावेश आहे. अश्रू रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम उद्भवतात असे सांगून आचार्यांनी त्यावरील उपायांत निद्रेसोबत प्रिय कथांचाही उल्लेख केला आहे. कथेला चिकित्सेत स्थान देणारा हा उल्लेख आपल्या नजरेतून सहज निसटतो. त्याच अध्यायात पुढे शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग आणि कठोर वा अवेळी बोलण्याचा वाणीचा वेग मात्र धारण करावा असे म्हटले आहे.

अश्रू अडवू नयेत, पण शोकाच्या आहारीही जाऊ नये. क्रोध दुसऱ्यावर फेकू नये. मग त्याचे करावे काय? आमच्या मते या दोहोंमधील जागा कागदाची आहे. कागदावर उतरलेला क्रोध कोणास लागत नाही आणि आत कोंडलेलाही राहत नाही. हे अर्थातच आमचे अनुमान आहे, संहितेचे वचन नव्हे.

शेजारच्या जांबचे उदाहरण

लेखन ही साधना आहे तशी ती कारागिरीही आहे, हे मराठीत सर्वांत नेमकेपणाने सांगणारा पुरुष आमच्या शेजारचाच. परतूरलगतच्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधात २० दशक व २०० समास आहेत. त्यातील १९व्या दशकाचा पहिला समास सर्वस्वी लेखनक्रियेस वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे, सुटे व काळेभोर असावे, ओळीस ओळ लागू नये, ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर शेवटपर्यंत तसेच टिकावे, बोरू कसे निवडावेत, कागदाभोवती समास किती सोडावा, अशा बारीकसारीक सूचना तेथे आहेत. तारुण्यात बारीक अक्षर लिहिले तर म्हातारपणी ते वाचता येत नाही, इतका व्यवहारी विचारही आहे. लेखनसाहित्याच्या यादीत हिंगूळ येतो. आम्ही त्याला रसशास्त्रातून ओळखतो, तेथे तो लेखनाचे रंगद्रव्य आहे.

याच ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचे वर्णन करताना समर्थांनी शरीर-मनाच्या पीडांची प्रदीर्घ यादी दिली आहे. खरूज, नारू, देवी, गोवर यांपासून लोकबोलीतील असंख्य व्याधिनामे तीत सापडतात. दुःखाला 'दुःख' एवढेच न म्हणता त्याचे नेमके नाव शोधणे, हे वैद्याचे काम आहे आणि लेखकाचेही.

आधुनिक निरीक्षणे

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहावयास सांगितले. मनावर आघात करणाऱ्या घटनेची हकिकत आणि त्यासंबंधीच्या भावना या दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहून होताच अधिक उदास वाटले. परंतु पुढील काही महिन्यांत आरोग्यकेंद्राकडे त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. १९९९ साली जोशुआ स्मिथ व सहकाऱ्यांनी दमा व संधिवाताच्या ११२ रुग्णांवर असाच प्रयोग केला. ४ महिन्यांनंतर, तणावपूर्ण प्रसंगाविषयी लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. साध्या विषयावर लिहिणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते.

मात्र २००६ साली जोआन फ्रॅटारोली यांनी १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लाभ खरा असला तरी सरासरीने अल्प असल्याचे दिसून आले. म्हणून लेखन हे सहायक उपचार आहे, मुख्य औषधाची जागा ते घेत नाही, हे आपण स्पष्ट ठेवले पाहिजे.

कारागिरी का हवी?

पेनेबेकर यांच्या १९९७च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'उमगले' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. तेच दुःख त्याच शब्दांत गिरवीत राहण्यापेक्षा त्याची सुसंगत हकिकत घडणे हितावह ठरते. येथेच कारागिरीचा संबंध येतो. "मन उदास आहे" या वाक्यापुढे लेखणी अडते. "बैलजोडी विकली त्या दिवशी दावणीकडे पाहवले नाही" असे लिहिले की प्रसंग उभा राहतो. त्याला आधी आणि नंतर मिळते, आणि लिहिणारा त्याकडे किंचित दुरून पाहू लागतो.

योजना कशी करावी?

रुग्णास सलग ४ दिवस, रोज १५ ते २० मिनिटे, ठरावीक वेळी लिहावयास सांगावे. अनिद्रेच्या रुग्णाने झोपण्याच्या वेळी न लिहिता सायंकाळी लिहावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. आपल्या बोलीत लिहावे. पहिले दोन दिवस जसे सुचेल तसे, तिसऱ्या दिवशी तोच प्रसंग क्रमाने, चौथ्या दिवशी तो दुसऱ्या कोणाचा आहे असे मानून लिहावा. वही वैद्याने मागू नये. रुग्णाने दाखविल्यास वाचावी, पण गुप्तता काटेकोर पाळावी. घरात वही सुरक्षित राहणार नसेल तर लिहून कागद फाडून टाकण्याची मुभा द्यावी.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे. जात्यावर बसून ओव्यांत सासर-माहेर, विरह, वैधव्य सांगणाऱ्या आमच्या आयाबहिणींनी ही वाट फार पूर्वीच शोधली होती. हेमा राईरकर व गी पॉइटेवां यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. त्या रचणाऱ्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

सावधगिरी

शोक अगदी ताजा असेल, उन्मादाची लक्षणे असतील किंवा लिहिताना रुग्णाचा क्षोभ आवरेनासा होत असेल, तर लेखन थांबवावे. आत्मघाताचा विचार बोलण्यात वा वहीत दिसल्यास त्यास केवळ साहित्य समजू नये. त्याविषयी सरळ शब्दांत विचारावे, रुग्णास एकटे सोडू नये, नातलगांना विश्वासात घ्यावे आणि त्वरित मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात दर्शनी लावलेला असावा. मराठवाड्यात वैद्यकी करणाऱ्यांसाठी ही सूचना औपचारिक नाही.

शेवटी एक विनंती. समव्यवसायी बंधुभगिनींनी हा प्रयोग प्रथम स्वतः ४ दिवस करून पाहावा. मगच तो रुग्णास सांगावा. रुग्णपत्रकात लेखनापूर्वीची आणि महिन्यानंतरची निद्रा, अग्नी व मुख्य तक्रार यांची नोंद ठेवावी. लाभ झाला नाही अशा रुग्णांच्या नोंदीही तितक्याच काळजीने जपाव्यात, कारण हा उपाय कोणास द्यावा आणि कोणास देऊ नये हे त्यांच्यावरूनच कळेल.