नाव पाठीवर घेताना

नाव पाठीवरून न्यायची ही खटपट जुनी आहे. 1840 च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केट या लेफ्टनंटने रबर लावलेल्या कापडाचा झगा केला. भात्याने हवा भरली की नाव, हवा सोडली की अंगावर घालायचा कोट! छत्रीचं शीड करायचं. नौदलाला तो कामाचा वाटला नाही, पण जॉन रे यांनी 1846 च्या आर्क्टिक मोहिमेत हॅल्केटचीच नाव नेली आणि ती उपयोगी पडली. मला हॅल्केटचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. नाव तरंगेल कशी, याच्याबरोबरीने माणूस ती घेऊन चालेल कसा, हे त्याने पाहिलं.

पुढे हे दोन प्रश्न वेगळे पडले. 1907 मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर यांनी आल्फ्रेड हॉयरिश यांच्या घडीच्या नावेचे हक्क घेतले आणि पिशव्यांत भरलेली नाव रेल्वेने नदीकाठी जाऊ लागली. भार मात्र खांद्यावरच राहिला. तो खाली उतरवणाऱ्यांत डिक केल्टी यांचं नाव मी आदराने घेतो. 1952 पासून त्यांनी कॅलिफोर्नियात ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकल्या. कमरेच्या पट्ट्यामुळे ओझं कटीच्या हाडावर येऊ लागलं. खेड्यातल्या बाया चुंबळ ठेवून हंडे वाहतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे: वजन हाडावर टेकलं पाहिजे, स्नायूंवर लोंबता कामा नये.

1982 साली अलास्कातल्या पहिल्या रानवाटांच्या शर्यतीत 55 वर्षांच्या डिक ग्रिफिथ यांनी नदीकाठी सॅकमधून छोटी रबरी नाव काढली आणि पाणी ओलांडलं. 2000 च्या सुमारास शेरी टिंगी यांनी तशाच हलक्या नावा अधिक टिकाऊ बनवायला घेतल्या. दोन-तीन किलोंची नाव कुठल्याही चांगल्या सॅकमध्ये मावते.

आपल्याकडे सहज मिळणारी फुगवायची कयाक मात्र बारा ते अठरा किलोंची. तिच्याबरोबर येणारी पिशवी बहुधा दोन पातळ पट्ट्यांची असते. मी दोन हंगाम तीच वापरली. मुळशीच्या काठची चढण चढताना खांद्यांवर वळ उठायचे, आणि दोष मी कयाकला द्यायचो. चूक माझी होती. निवड नावेपासून नव्हे, पाठीपासून करायला हवी होती.

तिसऱ्या हंगामात चौकट असलेला हार्नेस घेतला. त्याला पिशवीच नसते, फक्त पट्टे. हेच त्याचं बळ. कारखान्यातून आलेली घट्ट घडी पुन्हा कधीच तशी बसत नाही; संध्याकाळी ओली, वाळू लागलेली कयाक वळकटीसारखी जाडजूड होते. ठरावीक मापाच्या पिशवीत ती कोंबावी लागते, पट्ट्यांना मात्र मापाचं बंधन नसतं. पाणीही निथळत राहतं. घेताना मी मानेच्या खालच्या मणक्यापासून कटीच्या हाडापर्यंत पाठ मोजून घेतली. दुकानात रिकामा हार्नेस अंगाला लावून काही कळत नाही, म्हणून पंधरा किलोंचं ओझं बांधून जिना चढलो. वळकटी उभी ठेवायची, पाठीला चिकटवून, खांद्यांपेक्षा रुंद होऊ न देता. पंप आणि सुटं केलेलं वल्हं बाजूला.

त्या वर्षी मुळशीची तीच चढण वाटेत एकदाही न टेकता पार केली. घरी आल्यावर गॅलरीत कयाक पसरली. पट्टे धुऊन दोरीवर टाकले, कारण बकलांच्या खाचेत वाळू अडकली होती.