एकाच पेटीतले दप्तर

पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्यांनी कधी पाऊल टाकले असेल, त्यांना कापडात बांधलेले रुमाल ठाऊक असतील. त्यांतल्या एखाद्याला वाळवी लागली तरी शेजारचा रुमाल शाबूत राहू शकतो, आणि अर्धवट खाल्लेल्या कागदावरूनही जाणता वाचक साल व शिक्का ओळखतो. आज मात्र एखाद्या संस्थेचे समग्र दप्तर लहानशा पुस्तकाएवढ्या धातूच्या डबीत मावते, आणि ती डबी बंद पडली की सारे रुमाल एकदमच जातात.

१९५६ साली आय.बी.एम.ने ‘रामॅक’ यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांवर जेमतेम ५० लाख अक्षरे राहत आणि त्या धुडाचे वजन सुमारे एक टन भरे. २००७ साली हिताचीने एक टेराबाइटची डिस्क ३९९ डॉलरला विक्रीस काढली. आता २० टेराबाइटची डिस्क तळहातावर येते, आणि दर गिगाबाइटमागे पडणारा खर्च इतका उतरला आहे, की गिऱ्हाईक तेवढाच आकडा पाहून व्यवहार करते.

आमच्या गावच्या एका छायाचित्रकाराने हेच केले. अकरा वर्षांच्या लग्नकार्यांच्या शेकडो सीडी त्याने एका मोठ्या डिस्कवर उतरवल्या आणि जागा अडते म्हणून सीडी भंगारात दिल्या. पुढे एका सकाळी डिस्कमधून टक्, टक् असा एकसारखा आवाज येऊ लागला. तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरांवर तरंगणारे वाचक-शीर्ष आपली जागा शोधत होते, आणि ती त्याला सापडत नव्हती. अशी डिस्क धूळविरहित खोलीतच उघडावी लागते; त्या कामाचा जो खर्च सांगण्यात आला, तो डिस्कच्या किमतीच्या तिप्पट होता, आणि तरीही हमी कशाचीच नव्हती.

अनेक डिस्का जोडून एकीची उणीव दुसरीने भरून काढावी, ही ‘रेड’ची तजवीज बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली मांडली, आणि ती मोलाची खरीच. परंतु २० टेराबाइटची डिस्क गेल्यावर तिच्या जागी घातलेली नवी डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने अखंड भरत राहिली, तरी २२ तासांहून अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्का, ज्या बहुधा एकाच वेळी घेतलेल्या व सारख्याच झिजलेल्या असतात, त्यांच्यावर वाचनाचा अखंड भार पडतो. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात तर सुमारे साडेबारा टेराबाइट वाचण्यामागे एखादी चूक संभवते असे छापलेले असते. प्रत्यक्षात डिस्का याहून बऱ्या वागतात, पण उत्पादकाचा हवाला एवढाच. शिवाय चुकून पुसलेली फाइल रेडमधील सर्व डिस्कांवरून एकाच वेळी पुसली जाते, म्हणून रेडला स्वतंत्र नक्कल समजणे ही मोठीच गफलत होय.

तात्पर्य, डिस्कची खरी किंमत काढायची, तर दुकानातला आकडा निदान दुप्पट धरावा, आणि दुसरी डिस्क त्याच टेबलावर ठेवू नये. त्या छायाचित्रकाराने आता लहान क्षमतेच्या डिस्का घेतल्या आहेत. प्रत्येक लग्नसराई संपली की तो चित्रे दोन डिस्कांवर उतरवतो, त्यांतील काही उघडून पाहतो, आणि एक डिस्क साताऱ्याला बहिणीच्या घरी, तिच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली ठेवून येतो.