ट्रॅक्टरचा फीड पंप : दोष पंपाचा की डिझेलच्या मार्गाचा?

पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर भार घेताच दम सोडू लागला, की पहिला संशय फीड पंपावर येतो. मात्र पंप बदलूनही दोष कायम राहिल्यास खर्च वाया जातो आणि वाफसाही हातचा निसटतो. म्हणून टाकीपासून इंजिनाकडे क्रमाने तपासणी करणे हिताचे ठरते.

लक्षणे : इंजिन उशिरा सुरू होणे, मोकळे चालताना ठीक राहून नांगरणीत बंद पडणे, ही इंधन अपुरे पोहोचत असल्याची चिन्हे होत. भाराखाली दाट काळा धूर येत असल्यास मात्र एअर क्लीनर व नोझल आधी तपासावेत.

तपासणीचा क्रम :

१. टाकीचे झाकण सैल करून पाहावे. इंजिन सुधारल्यास झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते.

२. फिल्टरमधील पाणी व गाळ काढावा. फिल्टर चोंदला असल्यास बदलावा.

३. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर चालवावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकी ते पंप या भागातील नळी, वॉशर किंवा जोड हवा ओढत असतो.

४. पंपाकडे येणारी नळी सोडून डिझेल मोकळेपणाने येते का, ते पाहावे. येत असल्यास ती पुन्हा जोडावी, पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून तिच्याखाली भांडे धरावे आणि इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून स्टार्टर फिरवावा. डिझेल ठोक्याठोक्याने जोरात यावयास हवे. केवळ थेंब पडत असतील, तर दोष पंपाचाच समजावा.

डायफ्राम पंप इंजिनावर बसविलेला असल्यास ऑइलची डिपस्टिक अवश्य पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली, ऑइल पातळ व डिझेलचा वास येणारे असल्यास डायफ्राम फाटल्याची शक्यता असते. अशा स्थितीत इंजिन चालविल्यास बेअरिंग खराब होतात; दुरुस्तीनंतर ऑइलही बदलावे.

दक्षता : तपासणी इंजिन थंड असताना करावी. नोझलकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळ्यांची गळती हाताने चाचपू नये. डिझेलची धार त्वचेत शिरून गंभीर इजा होते. कॉमन रेल प्रणालीच्या ट्रॅक्टरची तपासणी अधिकृत कारागिराकडूनच करवून घ्यावी.

रोज काम संपल्यावर टाकी भरून ठेवल्यास रात्री आत पाणी साचत नाही. गाळलेले डिझेल आणि वेळेवर बदललेला फिल्टर यांमुळे पंपाचे आयुष्य वाढते.