कान नसलेला श्रोता

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. 'फुत्कार' हा शब्द मी लहानपणी आजीच्या गोष्टीत ऐकला होता, पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या पावसाळ्यात, आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये!

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. गेट बंद व्हायच्या आत पोहोचायची घाई. मी आणि माझी रूममेट लायब्ररीतून परत येत होतो. तिची स्कूटी भिंतीपाशी उभी होती. जवळ गेल्यावर मला जोरात 'स्स्स्स' असा आवाज आला. मी म्हटलं, "अगं, तुझ्या टायरची हवा जातेय वाटतं." तिच्या कानात इयरफोन. तिला ना तो आवाज ऐकू आला, ना मी. ती सरळ किल्ली काढून खाली वाकायला लागली. तेवढ्यात वॉचमनकाका ओरडले, "पोरींनो, मागं व्हा! घोणस हाय ती!"

टॉर्च मारली तर चाकाशेजारी वेटोळं घालून बसलेली जाडजूड घोणस. दहा मिनिटांत अर्धं हॉस्टेल गोळा झालं. आरडाओरडा, मोबाईलचे फ्लॅश, काय नि काय. ती मात्र जागची हलेना. एकीने ज्ञान पाजळलं, "अगं, सापाला कान नसतात, त्याला काय ऐकू येणार?" सर्पमित्रदादा आले, घोणस पिशवीत भरता भरता म्हणाले, "येतं ताई ऐकू. पण आपल्यासारखं नाही." एवढं बोलून ते गेले आणि मी पुढचा आठवडा सबमिशन सोडून हेच वाचत बसले. त्यातलं जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

आवाज काढतो कसा?

सापाला आपल्यासारख्या स्वरतंतू नसतात. त्याच्या तोंडाच्या तळाशी श्वासनलिकेचं एक छोटं भोक असतं. फुप्फुसात हवा भरून घ्यायची आणि त्या भोकातून जोराने बाहेर सोडायची, की झाला फुत्कार. घोणस तर अंग फुगवून इतक्या जोरात हवा सोडते की प्रेशर कुकरच आठवावा. म्हणजे माझा 'टायरची हवा' हा अंदाज फिजिक्सच्या दृष्टीने अगदीच चुकीचा नव्हता!

फुरशाची तऱ्हा वेगळी. त्याच्या अंगावरचे खवले करवतीसारखे दातेरी असतात. ते एकमेकांवर घासून तो काहीतरी तळल्यासारखा चरचर आवाज काढतो. अमेरिकेतला रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवतो. आणि गोवा-कर्नाटकच्या घाटांतला नागराज, म्हणजे किंग कोब्रा, चक्क कुत्र्यासारखा गुरगुरतो. १९९१ साली ब्रूस यंग या शास्त्रज्ञाने दाखवलं की त्याच्या श्वासनलिकेला जोडलेल्या पिशव्या हा आवाज खर्जात घुमवतात. त्या गुरगुरण्याचा मुख्य भाग ६०० हर्ट्‌झच्या आसपास असतो.

आणि ऐकतो कसा?

सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. पण आतला कान आहे, आणि तो चांगला काम करतो! आतल्या कानाला एक बारीक हाड जोडलेलं असतं आणि त्या हाडाचं दुसरं टोक जबड्याच्या हाडांशी. साप जबडा जमिनीला टेकवून पडला की जमिनीची थरथर जबड्यातून थेट कानात. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच म्हणा ना. शिवाय खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे एकमेकींना पक्क्या जोडलेल्या नसतात, त्या वेगवेगळ्या हलू शकतात. त्यामुळे थरथर कुठल्या दिशेने आली हेही सापाला कळू शकतं, असं २००८ साली भौतिकशास्त्रज्ञांनी गणिती मॉडेल मांडून दाखवलं. थोडक्यात, स्टीरिओ सिस्टिम!

मग हवेतला आवाज? तोही पोहोचतो. २०१२ साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी बॉल पायथॉनवर प्रयोग केला. हा मूळचा आफ्रिकेतला अजगर, अमेरिका-युरोपात लोक तो हौसेने घरात पाळतात. (आपल्याकडचे साप पाळायचा विचारही करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.) प्रयोगात दिसलं की हवेतल्या आवाजाने सापाची कवटीच किंचित थरथरते आणि ती थरथर आतला कान टिपतो. सर्वांत चांगलं ऐकू येतं ते ८० ते १६० हर्ट्‌झला, आणि १,००० हर्ट्‌झच्या आसपास सगळं संपतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या भाषेत, साप म्हणजे लो-पास फिल्टर.

२०२३ साली ऑस्ट्रेलियात १९ सापांना ४५० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकवले गेले. विषारी तैपान आवाजापासून दूर सरकले, वोमा जातीचे अजगर उलट आवाजाच्या दिशेने गेले. म्हणजे नुसतं ऐकू येत नाही, तर ऐकून काय करायचं हेही जातीप्रमाणे बदलतं.

मग पुंगी? नाग डोलतो तो हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. आणि १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली ती प्रसिद्ध बीन तर बीन नव्हतीच! क्लाव्हायोलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती.

खरी गंमत पुढेच आहे

बहुतेक सापांचा फुत्कार साधारण ३,००० ते १३,००० हर्ट्‌झमध्ये असतो. सापाला ऐकू येतं १,००० पर्यंत. जरा गणित करा. साप स्वतःचा फुत्कार जवळजवळ ऐकूच शकत नाही! रॅटलस्नेकच्या खुळखुळ्याचंही तेच. मग हा आवाज आहे कुणासाठी? आपल्यासाठी. कुत्रा, मुंगूस, गाय, माणूस, ज्यांना उंच पट्टीतलं ऐकू येतं त्यांच्यासाठी. "मी इथे आहे, पाय देऊ नकोस," एवढाच त्याचा निरोप.

आणि त्या रात्री निरोप पाठवणाऱ्याने तो नीट पाठवला होता. इयरफोन होते ते आमच्या बाजूला.

हा विषय नुसता गमतीचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातले निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. म्हणून अंधारात चालताना इयरफोन काढा, टॉर्च लावा, पायात बूट घाला. पण आवाज नाही म्हणजे साप नाही असं मात्र समजू नका. मण्यार रात्री गुपचूप येते, झोपेत चावते आणि दंश कळतही नाही. मेसच्या मागच्या खोल्यांत जमिनीवर झोपणाऱ्या मावशी-काकांना खाट आणि मच्छरदाणी मिळायला हवी, ती याचसाठी. दंश झालाच तर कापणं, आवळणं, मांत्रिक हे काही नको, सरळ प्रतिविष असलेलं हॉस्पिटल गाठा.

माझ्या रूममेटने आता गेटच्या आत आलं की इयरफोन काढून खिशात ठेवायची सवय लावून घेतली आहे. वॉचमनकाका तिला हसून विचारतात, "काय ताई, ऐकू येतंय ना?"