विश्लेषण : बार्बाडोसमध्ये फिरायचे कसे? टॅक्सीत बसण्याआधी ‘कोणता डॉलर?’ हे विचाराच

२९ जून २०२४ रोजी भारताने ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-२० विश्वचषक जिंकला आणि बार्बाडोस हे कॅरेबियन बेट आपल्या घराघरात पोहोचले. ते मैदान एकदा तरी पाहायचेच, असे ठरवणाऱ्यांसाठी ही माहिती.

बेट केवढे आहे?

लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३. रेल्वे १९३७ मध्येच बंद झाली. आता भिस्त आहे ती बस, टॅक्सी आणि भाड्याच्या गाडीवर.

स्वस्त पर्याय कोणता?

बस. तिचे तीन प्रकार आहेत. निळ्या रंगाची सरकारी बस, पिवळी खासगी मिनीबस आणि पांढरी ‘झेडआर’ व्हॅन. झेडआर म्हणजे तिथले वडापच! दाटीवाटी, मोठ्या आवाजात गाणी आणि सुसाट वेग. अंतर कितीही असो, तिकीट ३.५० बार्बाडोस डॉलर, म्हणजे साधारण दीडशे रुपये. सरकारी बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे नेमकी रक्कम जवळ ठेवा.

कुठली बस कुठे जाते?

थांब्यावरची पाटी वाचा. ‘टू सिटी’ म्हणजे ब्रिजटाऊनकडे, ‘आउट ऑफ सिटी’ म्हणजे शहराबाहेर. हात दाखवा, नाहीतर बस पुढे निघून जाईल.

टॅक्सीत फसगत कशी होते?

टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे भाडे आधीच ठरवावे लागते. खरी मेख पुढे आहे. बेटावर बार्बाडोस आणि अमेरिकी असे दोन्ही डॉलर चालतात आणि १ अमेरिकी डॉलर म्हणजे २ बार्बाडोस डॉलर. ‘चाळीस डॉलर’ ऐकून तुम्ही बसलात आणि उतरताना चालकाने अमेरिकी डॉलर मागितले, तर खर्च थेट दुप्पट. म्हणून रक्कम आणि चलन दोन्ही बसण्याआधी पक्के करा. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट ‘झेड’ने सुरू होते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे भारतीयांना सोपे जाते. मात्र आपल्या परवान्यासोबत पर्यटकांसाठीचा स्थानिक परवानाही लागतो. तो सहसा गाडी देणारी कंपनीच काढून देते. आतले रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, रात्री जपून चालवा.

आणखी काय लक्षात ठेवावे?

लष्करी छापाचे कपडे बॅगेत भरू नका. तिथे सामान्य नागरिकांनी ते घालणे बेकायदा आहे आणि लहान मुलांनाही सूट नाही.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. ‘बेरिल’ वादळामुळे विमानतळ बंद पडला आणि जगज्जेता भारतीय संघही बेटावर अडकला. तो विशेष विमानाने ४ जुलैला दिल्लीत पोहोचला. आपल्यासाठी असे विमान येणार नाही! त्यामुळे या काळात जायचे असेल, तर परतीच्या प्रवासाआधी एक-दोन दिवस हाताशी ठेवा आणि प्रवास विमा काढूनच निघा.