खडू, साबण आणि दुमडलेला कागद
लेखमाला ‘प्रवेशाच्या उंबरठ्यावर’ : भाग सहावा

खडूचा एक ठोकळा, एक छोटी सुरी आणि समोर कागदावर काढलेली आकृती. अमेरिकेत दंतवैद्यक शिकायला निघालेल्या मुलामुलींपुढे १९५०च्या दशकात प्रवेशपरीक्षेच्या दिवशी एवढं साहित्य मांडलेलं असे. आकृतीतले कोन, कडा आणि उतार जसेच्या तसे खडूत उतरवायचे. खडू मोठा नाठाळ. हात जरा जड पडला की कोपऱ्याचा टवका उडतो, आणि उडालेला टवका परत बसवता येत नाही. दातावर यंत्र फिरवतानाही नेमकं हेच होतं, म्हणून तर परीक्षा घेणाऱ्यांनी खडू निवडला होता.

अमेरिकन डेंटल असोसिएशन ही परीक्षा १९५०पासून देशभर घेत आली आहे. तिचं आजचं नाव ‘डेंटल अ‍ॅडमिशन टेस्ट’, मुलांच्या तोंडी नुसतं ‘डॅट’. पुस्तकी हुशारी मोजायला विज्ञानाची प्रश्नपत्रिका होतीच, पण ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात बारीक काम करायचं आहे त्याचा हात आणि नजर आधी पाहावी, हा विचार पहिल्या दिवसापासून या परीक्षेत आहे. खडू मात्र टिकला नाही. हजारो ठोकळे गावोगावच्या केंद्रांवर पोहोचवायचे, कोरून झाले की परत आणायचे, आणि एकेक हातात घेऊन तपासायचे, हे काम खर्चिक आणि किचकट होतं. १९७२मध्ये खडू गेला आणि त्याच्या जागी कागदावरची आकृत्यांची कोडी आली. कॅनडात तर त्यांच्या स्वतंत्र परीक्षेत अगदी अलीकडपर्यंत मुलं साबणाची वडी कोरत होती. परीक्षेआधीचे काही महिने घराघरांत साबणाचा भुगा सांडलेला असायचा.

खडूच्या जागी आलेल्या त्या कोड्यांचंच आजचं रूप म्हणजे ‘परसेप्च्युअल अ‍ॅबिलिटी टेस्ट’, अर्थात ‘पॅट’. डॅटच्या तयारीत मुलांची झोप उडवणारा विभाग हाच. रसायनशास्त्र निदान कॉलेजात शिकलेलं असतं. हे मात्र कुठल्याच वर्गात शिकवलेलं नसतं.

आधी परीक्षेचा सांगाडा पाहू. अमेरिकेत बारावीनंतर थेट दंतवैद्यकाला जाता येत नाही. बहुतेक विद्यार्थी आधी पदवी घेतात आणि मग चार वर्षांचं दंतवैद्यकाचं शिक्षण सुरू होतं. डॅट द्यायची ती पदवी चालू असतानाच, बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत. संगणकावर, केंद्रात एकट्याने बसून. पहिला विभाग विज्ञानाचा: जीवशास्त्राचे ४०, सामान्य रसायनशास्त्राचे ३० आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचे ३०, असे १०० प्रश्न ९० मिनिटांत. मग पॅट: ९० प्रश्न, ६० मिनिटं. अर्ध्या तासाची सुटी. त्यानंतर वाचन आकलनाचे ५० प्रश्न ६० मिनिटांत आणि शेवटी गणिताचे ४० प्रश्न ४५ मिनिटांत. भौतिकशास्त्र नाही, हे ऐकून आपल्याकडच्या मुलांना हेवा वाटेल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं परवडत नाही.

पॅटमध्ये एका प्रश्नाला ४० सेकंद मिळतात. प्रकार सहा आणि प्रत्येकाचे १५ प्रश्न: एखादी वस्तू कुठल्या भोकातून आरपार जाईल ते ओळखणे, वस्तूची वरून, समोरून आणि बाजूने दिसणारी रूपं जुळवणे, चार कोन लहान-मोठे लावणे, दुमडलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर काय दिसेल ते सांगणे, ठोकळे मोजणे आणि सपाट पुठ्ठा दुमडून कुठला आकार तयार होईल ते ओळखणे.

यातला कागद घरी करून पाहण्यासारखा आहे. एक चौकोनी कागद घ्या आणि त्यावर उभ्या-आडव्या रेषांनी १६ सारखी घरं आखा. डावी बाजू उचलून उजवीवर दुमडा. मग वरची बाजू खाली दुमडा. आता हातात उजवीकडचा खालचा पाव कागद उरला, चार पदरी, चार घरांचा. या चार घरांतलं वरचं डावं घर पंचने भोसका. उलगडण्याआधी क्षणभर थांबा आणि मनात उलगडा. भोकं किती, आणि कुठे? चार, आणि कागदाच्या मधोमध एकमेकांना लागून. भोक खालच्या उजव्या घरात पाडलं असतं, तर हीच चार भोकं कागदाच्या चार कोपऱ्यांत गेली असती. परीक्षेत पडद्यावर फक्त घड्या दिसतात. कागदही नसतो, पंचही नसतो. सराव झालेली मुलं केंद्रातून मिळालेल्या पुसता येणाऱ्या पाटीवर १६ ठिपके मांडतात आणि शेवटच्या घडीपासून उलट्या क्रमाने एकेक घडी उलगडत ठिपक्यांचं प्रतिबिंब पलीकडे टाकतात. आरशात बघावं तसं.

आरशाचा उल्लेख उगीच आलेला नाही. वरच्या दाढेची मागची बाजू दंतवैद्याला सरळ दिसतच नाही. तोंडात धरलेल्या छोट्या गोल आरशात ती उलटी दिसते आणि हात त्या उलट्या चित्रावर विसंबून सुलट काम करतो. क्ष-किरणाच्या चित्रात दात सपाट दिसतो. त्याची जाडी आणि मुळांचा बाक मनातच उभा करावा लागतो. रूट कॅनॉल करताना तर सगळं काम आतल्या अंधारात चालतं. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चार नळ्या असतात, त्यातली चौथी इतकी बारीक की ती आहे हे आधी मनात नसलं तर हाताला लागतच नाही. कोनांचंही तसंच. दातावर टोपी बसवण्यासाठी तो चारी बाजूंनी किंचित निमुळता घासतात. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं सांगितलेला आदर्श निमुळतेपणा सहा अंशांच्या आसपासचा. त्याहून फार जास्त झाला की टोपी सैल बसते आणि एक दिवस जेवताना निघून हातात येते. पॅटमध्ये तीन-चार अंशांचा फरक ओळखायला लावतात तेव्हा परीक्षक पुढची हीच टोपी पाहत असतात.

कोन लावताना डोळा फसतो तो रेषांच्या लांबीमुळे. लांब भुजांचा कोन उगीचच मोठा भासतो. म्हणून शिकवणारे सांगतात की नजर फक्त टोकाशी ठेवायची, जिथे दोन रेषा मिळतात तिथे, आणि भुजा कुठवर गेल्या आहेत ते विसरायचं.

ठोकळ्यांचं कोडं सोपं वाटतं आणि तिथेच गुण जातात. सारख्या आकाराचे ठोकळे एकमेकांना चिकटवून रचना केली आहे आणि तळ सोडून बाहेरून सगळीकडे रंग दिला आहे. नेमक्या दोन बाजू रंगलेले ठोकळे किती? घरातले लुडोचे फासे काढा. तीन-तीनच्या तीन ओळी, म्हणजे नऊ फासे, आणि मधल्या फाशावर दहावा. कोपऱ्यातल्या चारांच्या तीन-तीन बाजू रंगतात. कडेच्या मधल्या चारांच्या दोन-दोन. वर बसलेल्या एकट्याच्या पाच. आणि मधल्या बिचाऱ्याची एकही नाही, कारण चहूबाजूंनी शेजारी, डोक्यावर एक आणि तळ कोरा. घाईत मोजणारा हाच मधला फासा हमखास विसरतो. एकाच रचनेवर अनेक प्रश्न येतात, म्हणून सरावलेली मुलं आधी शून्य ते पाच असा छोटा तक्ता मांडून सगळे ठोकळे त्यात वाटून टाकतात, बेरीज एकूण ठोकळ्यांशी ताडून पाहतात आणि मगच प्रश्न वाचतात. सुरुवातीला गेलेला अर्धा मिनिट पुढे सहज वसूल होतो.

ही नजर जन्मतःच असावी लागते का, असं पालक फार विचारतात. सरावाने पॅटचे गुण वाढतात, असा वर्षानुवर्षं तयारी करून घेणाऱ्यांचा अनुभव आहे. मात्र तो सराव रविवारी सहा तास बसून होत नाही. रोज अर्धा-पाऊण तास, त्यात थोडे कोन, थोडे कागद, थोडे ठोकळे, असं दोन-तीन महिने चालू ठेवणाऱ्याचा डोळा बसतो. पॅटचे गुण आणि पहिल्या वर्षातल्या हातकामाच्या विषयांतले गुण यांच्यात संबंध आढळला आहे, तो माफकच आहे हेही खरं. कोडं सोडवणारा प्रत्येक जण उत्तम दात घडवेल, असं ही परीक्षा सांगत नाही.

विज्ञानाच्या तयारीत खरा घाम जीवशास्त्र काढतं. पेशीपासून परिसंस्थेपर्यंत अभ्यासक्रम पसरलेला, प्रश्न मात्र अवघे ४०. कुठल्या कोपऱ्यातून काय येईल सांगता येत नाही, म्हणून इथे खोल जाण्यापेक्षा सगळीकडून एकदा फिरून येणं कामाचं ठरतं. सेंद्रिय रसायनात उलट आहे; अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो हे उमगलं की पाठांतर निम्म्याने कमी होतं. वाचनात विज्ञानविषयक तीन लांबलचक उतारे असतात. काही मुलं आधी प्रश्न वाचून उत्तर उताऱ्यात शोधतात, काही आधी सगळा उतारा वाचतात. कुठली रीत आपली, हे दोन्ही वेळ लावून करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठरवायचं काम नव्हे.

पूर्ण लांबीचे सराव पेपर मात्र टाळू नयेत. सूचना, सुटी सगळं धरलं तर माणूस केंद्रात पाच तासांहून जास्त असतो. खिसे रिकामे, फोन कपाटात, लिहायला फक्त ती पाटी आणि पेन. गणित शेवटी येतं, तेव्हा डोकं शिणलेलं असतं. पडद्यावरचा साधा कॅल्क्युलेटर त्या एकाच विभागात वापरता येतो. घरी रोज सकाळी ताज्या डोक्याने गणित सोडवणाऱ्याला केंद्रात चौथ्या तासानंतर तेच गणित परकं वाटतं. म्हणून सरावातही गणित शेवटीच, थकल्यावर सोडवावं.

गुणांची पट्टी अलीकडेच बदलली. अनेक दशकं डॅटचे गुण १ ते ३० या पट्टीवर मिळत आणि २०च्या पुढे गेलं की मुलं सुटकेचा श्वास सोडत. मार्च २०२५पासून पट्टी २०० ते ६०० अशी झाली. त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांत मोठ्या बहिणीचे गुण आणि धाकट्या भावाचे गुण शेजारी ठेवून चर्चा सुरू झाली, तर ती आधीच थांबवावी. आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही: शैक्षणिक सरासरी काढताना पॅट त्यात धरत नाहीत. तो आकडा वेगळा छापून येतो, आणि महाविद्यालयं तो वेगळाच वाचतात.

आता आपल्याकडे येऊ. भारतात बीडीएससाठी स्वतंत्र परीक्षा नाही. एमबीबीएसचीच नीट: ७२० गुण, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. ती मराठीतूनही देता येते. राज्याच्या कोट्यातले प्रवेश सीईटी सेल करतं. हात कसा चालतो, नजर कशी आहे, हे या साऱ्या वाटेवर कुणीही पाहत नाही. घराघरांत ‘एमबीबीएस नाही लागलं, मग बीडीएस’ असं वाक्य ऐकू येतं आणि ते ऐकत मोठी झालेली मुलं मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयासारख्या १९३३पासून चालत आलेल्या संस्थेत पाऊल ठेवतानाही मनात हार घेऊन येतात. हे त्या मुलांवर आणि त्या विद्येवरही अन्याय करणारं आहे.

गंमत म्हणजे खडूचं भावंड आपल्याकडे जिवंत आहे, फक्त ते प्रवेशानंतर भेटतं. बीडीएसच्या पहिल्या वर्षी डेंटल अ‍ॅनाटॉमीच्या प्रात्यक्षिकाला मुलाच्या हातात मेणाचा आयताकृती ठोकळा आणि कार्व्हर नावाचं बारीक पात्याचं हत्यार देतात. मोजपट्टीने मापं घ्यायची, ठोकळ्यावर दाताची बाह्यरेषा कोरायची आणि मग चारी बाजूंनी मेण उतरवत सुळा, पटाशीचा दात, दाढ घडवायची. पहिले काही दात दातांसारखे दिसत नाहीत. मेणाचे कपचे एप्रनवर, चपलेखाली, वहीत. दाढेच्या माथ्यावरच्या खळग्या आणि उंचवटे जमेपर्यंत कित्येक ठोकळे वाया जातात. आणि मग वर्गात मागे बसणारी, नीटमध्ये जेमतेम काठावर आलेली एखादी मुलगी अशी काही दाढ कोरते की शिक्षक ती हातात घेऊन सगळ्या बाकांवर फिरवतात. त्या मुलीला बारावीत कुणी एक मेणाचा ठोकळा दिला असता, तर तिने पसंतीक्रम भरताना बीडीएस कदाचित पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

हा ठोकळा महाग नसतो. दंतवैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतो. तो नाही मिळाला तर साबणाची वडी आणि भाजी चिरायची लहान सुरी चालते. नीटचा निकाल आणि पसंतीक्रम भरण्याची मुदत यांच्यामधल्या दिवसांत मुलाने किंवा मुलीने एक संध्याकाळ बसून स्वतःचाच पुढचा दात आरशात पाहून कोरून बघावा. दात चांगला आला की नाही हे बाजूला ठेवावं. दोन तास कसे गेले ते कळलं का, एवढं मात्र स्वतःला विचारावं.

पुढील भागात : भारतात बीडीएस होऊन अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्यांना डॅट द्यावी लागत नाही; त्यांची परीक्षा वेगळी, आयएनबीडीई. ती आणि तिच्यानंतरचा पुन्हा विद्यार्थी होण्याचा काळ.