हळदीचा फॉरवर्ड आणि आमच्या भगिनी

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी खासदार नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की, त्यांच्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातील स्तनाचा कर्करोग हळद, कडुलिंब, लिंबूपाणी आणि साखर सोडल्याने बरा झाला. हा व्हिडिओ मोबाइलवरून देशभर पसरला. अखेर टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढावे लागले की, या दाव्याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता, असा खुलासा पुढे सिद्धूंनीही केला. पण खुलासा किती जणांनी फॉरवर्ड केला?

म्हणून समाजमाध्यमे वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. जुलै २०११ मध्ये अमेरिकेत जोडी शोगर आणि अ‍ॅलिशिया स्टेली या कर्करोगातून गेलेल्या दोन स्त्रियांनी ट्विटरवर दर सोमवारी रात्री स्तनाच्या कर्करोगावर चर्चा सुरू केली. डॉ. डियाना अटाई या शल्यविशारद त्यांना येऊन मिळाल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २०६ सहभागींपैकी सुमारे ८१ टक्के जणांनी आपले ज्ञान वाढल्याचे सांगितले. आधी तीव्र चिंतेत असलेल्यांपैकी दोनतृतीयांश जणांची चिंता बरीच ओसरली. कारण तेथे प्रश्न रुग्णांचे होते आणि उत्तर पारखायला डॉक्टर हजर होते.

आमच्या भगिनींचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया अवघ्या ३३ टक्के. तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये स्तनांची तपासणी कधी झालेल्या एक टक्काही नाहीत! मजुरी करणारी बाई गाठ दुखत नाही म्हणून, खाडा पडेल म्हणून आणि लाजेपोटी गप्प राहते. घरातला मोबाइल नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. त्यावरून तिच्या कानावर येते ती हळदच.

जयंतीची वर्गणी, वर्षावासाचे प्रवचन, मोर्चाचा निरोप, सारे आज आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. त्याच ग्रुपवर हेही फिरू द्या: गाठ लागली, स्तनाची त्वचा ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आले तर ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. बाबासाहेबांच्या पुण्याईने डॉक्टर, परिचारिका झालेल्या आमच्या मुलामुलींनी उपचार घेतलेल्या भगिनींना सोबत घेऊन असे ग्रुप चालवावेत. जिच्याकडे मोबाइल नाही तिच्यासाठी महिला मंडळाने विहारात बैठक घ्यावी.

कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. फॉरवर्डचे बटण दाबण्याआधी बुद्धाच्या अनुयायांनी एवढे तरी करावे. येथे प्रश्न आपल्या आयाबहिणींच्या जिवाचा आहे.